डोमेस्टिक म्हणजे घरची

सारजाबाईला इंग्रजीतला पहिला शब्द छावणीतल्या एका बंगल्यात मिळाला, आणि त्याच शब्दानं पुढं तिच्या नवऱ्याची नोकरी खाल्ली. "बिचारी अडाणी, तिला काय कळणार," असं पुष्कळ लोक म्हणाले. ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी ते तिच्या तोंडावर म्हणून बघावं. ती देवगाव रंगारीच्या आप्पा धनगराची लेक. बापाचं एखादं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात घुसलं, तर ती ते तोंडावरून ओळखायची आणि कान धरून ओढत आणायची. समोरचा कितीही मोठा असला तरी तिचा आवाज खाली येत नसे. घरात बाकी कशाचीही चणचण असो, रागाच्या बाबतीत ही बाई पहिल्यापासून श्रीमंत.

पुढं चराईच्या रानांना कुंपणं पडली, कळप विकावा लागला. वाळूजला कंपन्या उभ्या राहायला लागल्या तसा तिचा नवरा त्रिंबक शहराकडं वळला आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत प्रेसवर लागला. वरून लोखंडी ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो, ती प्रेस. दोघांनी छावणीत पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. सारजाबाईनं जवळच्याच एका बंगल्यात धुणीभांडी धरली. बंगला एका फौजी अफसराच्या विधवेचा होता, तिला सगळी छावणी मेमसाब म्हणायची.

एकदा मेमसाबकडं पाहुणे आले होते. चहाचा ट्रे घेऊन सारजाबाई आत गेली तेव्हा मेमसाब म्हणाली, "धिस इज सारजा, माय डोमेस्टिक." पाहुणे हसले, सारजाबाईही हसली. पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं, "मेमसाब, वो डोमेस्टिक मतलब क्या?"

"मतलब घर की," मेमसाब म्हणाली आणि पेपर उघडून बसली.

घर की! त्या संध्याकाळी सारजाबाई जमिनीवरून चालत नव्हती. "आवो, बाईनं मला चारचौघांत घरची म्हनलं," तिनं त्रिंबकला दहादा सांगितलं. घरच्या माणसाचा कप वेगळा, कान तुटलेला आणि खिडकीबाहेर उपडा का घातलेला असतो, हे विचारायचं तिला तेव्हा सुचलं नाही. कौतुकाला भुकेलेलं माणूस असं आंधळं होतं. कुणी तुकडा टाकला तरी ताट वाढल्यासारखं वाटतं.

असं हे चाललं होतं. मग त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर कंपनीत माल जास्त काढायचं ठरलं. प्रेसपुढं लोखंडी जाळी असते. कामगाराचा हात ठोकळ्याखाली जाऊ नये म्हणून ती बसवलेली असते. जाळी उघडा, माल काढा, जाळी लावा, यात वेळ जातो म्हणून सुपरवायझरनं जाळीच काढून टाकायला लावली. त्रिंबक म्हणजे गरीब गाय. नऊ वर्षांत त्यानं कुणाला उलटून 'का' म्हणून विचारलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो मागं सरून उभा राहिला. "जाळी बसवा, मंग हात घालतो. तवर नाय," म्हणाला. शेजारच्या प्रेसवरच्या एकाची दोन बोटं त्याच महिन्यात गेली होती. कुणीही शहाणा माणूस दुसरं काय म्हणाला असता?

दुपारी त्याला गेटाबाहेर काढलं. माणसं ठेवणं-काढणं बघणाऱ्या पर्सनल खात्याचा साहेब गेटापर्यंत आला आणि गजांतून बोलला, "तू सस्पेंड. सोमवारी सकाळी तुझी डोमेस्टिक इन्क्वायरी. प्रेझेंट राहायचं. नाहीतर निकाल तुझ्याशिवाय लागेल." बाकीचं सगळं नोटीस बोर्डावर लावलंय, असंही म्हणाला. बोर्ड गेटाच्या आत, त्रिंबक गेटाच्या बाहेर, आणि नोटीस इंग्रजीत. अशी नोटीस लावायची तरी कशाला? विहिरीत टाकली असती तरी चाललं असतं.

त्रिंबक घरी येऊन भिंतीला टेकून बसला. "सस्पेंड कळलं. इन्क्वायरी म्हंजी चौकशी, त्ये बी कळलं. पन ह्ये डोमेस्टिक काय आसंल?"

सारजाबाईला अख्ख्या इंग्रजीतला एकच शब्द येत होता, आणि नेमका तोच पुढ्यात आला. "डोमेस्टिक म्हंजी घरची," ती ठसक्यात म्हणाली. "आवो, त्ये घरी येनार चौकशी करायला. मानूस कसा ऱ्हातो, पितो का, बायकुला मारतो का, सगळं बघनार. पोरगी द्यायच्या आधी घर बघाय येत्यात का नाय? तसंच."

त्रिंबकला पटलं. का पटू नये? त्यांच्याकडं चौकशी म्हटली की ती घरीच यायची. सोयरे येत, उंबऱ्यात जोडे काढत, चुलीपर्यंत नजर टाकत, शेजाऱ्याला विचारत, आणि मग माणूस खरा की खोटा ते ठरवत. माणसाची पारख त्याचं घर न बघता करायची, ही अक्कल फक्त कंपनीला.

सोमवारी सारजाबाईनं मेमसाबकडं खाडा केला. पहाटेच उठून खोली शेणानं सारवली. दोन खुर्च्या शेजारून आणल्या, एकीचा पाय हलत होता म्हणून तिच्यावर कुणी बसू नये असा बेत केला. म्हशीचं दूध आणलं, बिस्किटं आणली, कांदे कापून पीठ कालवून ठेवलं, म्हणजे साहेब आले की गरम भजी. त्रिंबक धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून दारात उभा. रस्त्यानं जीप गेली की सारजाबाई स्टो पेटवायची, जीप पुढं गेली की विझवायची. बारा वाजले, एक वाजला. "सायबलोक हायेत, उशिरानंच येनार," ती म्हणत राहिली.

तिसऱ्या प्रहरी पहिली पाळी सुटली आणि सखाराम आला. सखाराम त्रिंबकच्याच खात्यातला, दोन गल्ल्या सोडून राहणारा. दारातूनच ओरडला, "आरं त्रिंबक, कुटं व्हतास मर्दा? हापिसात तुजी इन्क्वायरी झाली. तीनदा नाव पुकारलं. तू आलाच नाईस म्हनून एकतर्फी उरकली. काढलं तुला!"

त्रिंबक खाली बसला. त्यानं बायकोला शिवी दिली नाही, हात उगारला नाही, साधं "तू सांगितलंस" असंही म्हणाला नाही. सारजाबाईला तेच सोसेना. त्यानं दोन ठेवून दिल्या असत्या तर तिला भांडायला तरी जागा मिळाली असती. कालवलेलं पीठ उचलून तिनं ते भांड्यासकट गटारात भिरकावलं. राग कुणावर काढावा हेच कळत नसलं की माणूस भांड्यावर काढतं.

सखारामनंच तिला कामगार कोर्टाबाहेरच्या लीलाबाईंचा पत्ता दिला. कोर्टाच्या कुंपणाला लागून कडुलिंबाच्या सावलीत टाइपरायटर मांडून त्या लोकांचे अर्ज लिहून द्यायला बसायच्या. पन्नाशीला टेकलेल्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं असं की समोरचा वकील असो की हमाल, एकाच पट्टीत. सारजाबाईनं सगळं सांगितलं. सारवलेली खोली, खुर्च्या, भजी, काही लपवलं नाही. लीलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"डोमेस्टिक म्हणजे घरगुती, पण तुझ्या घरातली नाही, बाई. त्यांच्या घरातली. सरकारी नाही, कोर्टातली नाही, कंपनीची कंपनीतच केलेली, म्हणून घरगुती. आरोप त्यांचा, साक्षीदार त्यांचे, निकाल देणाराही त्यांनीच नेमलेला."

"मंग तसं मराठीत बोलाय तोंडाला काय रोग झालाय त्येंच्या?"

"तसं बोलले तर तुझा नवरा हजर राहील ना," लीलाबाई म्हणाल्या.

सारजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं आणखी एक विचारलं. मेमसाबनं तिला डोमेस्टिक म्हटलं होतं, ते मग काय? लीलाबाईंनी डब्यातून फाटक्या पुठ्ठ्याचा शब्दकोश काढला, पान शोधलं आणि एकेक अर्थ वाचला. घरगुती. घरकामाचा नोकर. देशांतर्गत. मग जरा थांबून चौथा. पाळीव. "जनावराला म्हणतात," त्या म्हणाल्या.

पाळीव! मेंढरं पाळणाऱ्याच्या लेकीला त्याचा अर्थ कुणी समजावून द्यायला नको होता. पाळीव म्हणजे आपल्या दावणीचं, आपण टाकलेलं खाणारं, कान धरून ओढलं तर येणारं. ती तशीच छावणीत गेली. मेमसाब बागेत बसली होती. "मेमसाब, मैं पालतू नय हूँ," सारजाबाई म्हणाली, "दूसरी देख लेना." मेमसाबच्या मनात तसं काही नव्हतं, असं कुणी म्हणेल. नसेलही. मनात काही नसताना माणसं जे बोलून जातात, तेच खरं झोंबतं. बंगल्याचं काम सुटलं, नवऱ्याचं सुटलंच होतं. दुष्काळात तेरावा महिना.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लिंबाखाली जाऊन बसली. "मला त्येंचे सगळे शब्द शिकवा," म्हणाली.

"आधी एबीसीडी शिकावी लागेल."

"त्येला टाइम नाय. मेंढराला नाव लिहिता येतं म्हनून वळखतो व्हय आपन? तोंडानं सांगा. मी ध्यानात ठिवते."

लीलाबाईंना ते आवडलं. असं सारजाबाईचं इंग्रजी सुरू झालं, आणि ते शेंड्याकडून. पोरं कॅट-बॅटपासून शिकतात, ही बाई थेट इन्सबॉर्डिनेशनपासून. त्रिंबकवर तोच आरोप होता, वरिष्ठाचा हुकूम मोडणं. "इन-सबूर-डिनेशन," ती घोकायची. "म्हंजी सबूर नसनं." लीलाबाईंनी ते दुरुस्त केलं नाही. एक्स-पार्टे म्हणजे दुसरी बाजू न ऐकता केलेलं. ती त्याला एकपार्टी म्हणायची. "एकच पार्टी बोलली, दुसरी सारवण घालत बसली," असं स्वतःलाच टोचून घ्यायची. कापडाच्या दुकानात झाडलोट धरली होती तिनं. झाडूच्या प्रत्येक फटक्याला एक शब्द. टर्मिनेशन, म्हणजे काढून टाकणं. बॅकवेजेस, मागचा बुडालेला पगार. कंटिन्युइटी, सलग धरलेली नोकरी. दुकानदाराला वाटायचं बाई शिव्या देतेय. फार चुकत नव्हता तो.

त्रिंबकला हे आवडलं नाही. लीलाबाई जयभीमवाल्या. विद्यापीठाच्या नावाचा वाद तेव्हा पुन्हा पेटायला आला होता, चौकाचौकांत पोलीस बसले होते, गावाकडची माणसं भलतंसलतं बोलत होती. "तिच्याकडं ऊठबस नगं," तो म्हणाला, "गावात कळलं तर सोयरे काय म्हनतील?"

"सोयरे!" सारजाबाई कडाडली. "तुमाला काढलं तवा एक तरी सोयरा आला का? अन् तिचं घर ठावं हाय का? आठ्ठ्याहत्तर साली इद्यापीठाला बाबासायबाचं नाव द्यायचं ठरलं, तर त्याच राती तिच्या म्हायारचं घर जाळलं. जाळनारे परके नव्हते. गावचेच व्हते. त्या गावाला भिऊन ऱ्हाऊ मी?"

त्रिंबक गप्प बसला. तो वाईट माणूस नव्हता. पण चांगल्या माणसांच्या गप्प बसण्यावर किती घरं जळून गेली, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

संक्रांतीला सरकारनं विद्यापीठाचं नाव जाहीर केलं. सारजाबाई तिळगूळ घेऊन लीलाबाईंच्या वस्तीत गेली. तिथं ढोल वाजत होते, निळा गुलाल उडत होता, म्हाताऱ्या रडत होत्या. लीलाबाईंनी तिच्या तोंडात पेढा कोंबला. त्यांचेही डोळे भरले होते, पण जबडा आवळलेला होता. "नाव आलं. माझ्या डोळ्यांदेखत आलं," त्या म्हणाल्या. "पण सोळा वर्षं मागितलं नामांतर, आणि दिलं काय, तर नामविस्तार. जुनं नाव तसंच ठेवून त्याच्या आधी बाबासाहेबांचं जोडलं. मोर्चे काढले, तुरुंगात गेलो, माणसं मेली, आणि शेवटी एका शब्दात हात आखडला. लक्षात ठेव, सारजे. ते देतो म्हणाले की नाचायचं नाही. कोणता शब्द दिला ते आधी बघायचं."

मग त्यांनी तिला दोन शब्द शेजारी शेजारी बसवून शिकवले. रिइन्स्टेट, म्हणजे होता त्या जागी परत, मागची सगळी वर्षं धरून, जणू काढलंच नव्हतं. रिएम्प्लॉय, म्हणजे पुन्हा घेतला, पण नवा म्हणून, मागचं सगळं पुसून. "मराठीत दोन्हींनाही परत घेतलं असंच म्हणतात," लीलाबाई म्हणाल्या. "तिथंच फसवतात."

लीलाबाईंनी कामगार खात्याला द्यायचा अर्ज टाइप करून दिला होताच. फेब्रुवारीअखेरीला सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर समेटाची बैठक लागली. टेबलाच्या एका बाजूला पर्सनलचा साहेब, दुसऱ्या बाजूला त्रिंबक, आणि दाराशी सारजाबाई. साहेब गोड बोलला. त्रिंबकचं मागचं काम चांगलं आहे, चूक कुणाकडूनही होते. "माणुसकी म्हणून कंपनी त्याला परत घ्यायला तयार आहे," तो म्हणाला. त्रिंबकनं हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा रक्त दिसलं.

"परत म्हंजी कंचं परत?" दारातून सारजाबाईचा आवाज आला. "रिइन्स्टेट का रिएम्प्लॉय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. कथा-कीर्तनात अशा वेळी साहेबाची मान खाली जाते, अधिकारी बाईची पाठ थोपटतो आणि सत्याचा जय होतो. इथं तसलं काही झालं नाही. साहेब हसला. "वा, बाई शिकलेल्या दिसतात," म्हणाला. मग खुर्चीत नीट टेकून त्यानं मोकळेपणानं सांगून टाकलं, "रिएम्प्लॉय. नवीन माणूस म्हणून. नऊ वर्षं धरायची नाहीत, सहा महिने प्रोबेशन, तोवर नोकरी कच्ची. मंजूर असेल तर सोमवारपासून ये. नसेल तर कोर्ट आहेच. सात-आठ वर्षं लागतील." लपवायची त्याला गरजच नव्हती. शब्द कळल्यानं काय होतं, दुसरा कुठला शब्द घ्यायची ऐपत तर पाहिजे. बळी तो कान पिळी, मग पिळताना तो कानाला इंग्रजी नाव सांगो की मराठी.

"घिऊ नगा," सारजाबाई म्हणाली.

त्रिंबकनं तिच्याकडं पाहिलं नाही. "घेतो सायेब," म्हणाला, आणि दाखवलं तिथं सही केली.

परतीच्या वाटेवर तो पुढं, ती मागं. नगर नाक्यापाशी तो वळून उभा राहिला, आणि तीन महिने जे बोलला नव्हता ते एकदम बोलला. "तू इच्यारलं नसतंस तर मी आज पेढे घिऊन घरी आलो असतो. खुशीत आलो असतो. काय मिळालं इच्यारून? हात दाखवून अवलक्षन!"

"पेढे खाल्ले असते, अन् नऊ वर्सं त्येंनी खाल्लीच असती!" ती रस्त्यातच ओरडली. "तुमाला निस्तं कळलं नसतं!"

"नसतं कळलं तर बरं व्हतं," तो म्हणाला आणि चालू लागला.

त्या शब्दांनी ती जितकी जळाली तितकी मेमसाबच्या शब्दानं जळाली नव्हती. कारण तो खोटं बोलत नव्हता.

सोमवारी तो कामाला गेला. गेटावर नव्या पोरांची रांग होती. केस पिकायला लागलेला त्रिंबक त्या रांगेत शेवटी उभा राहिला. ज्या पोराला त्यानं प्रेस शिकवली होती, त्याच्याच हाताखाली त्याला नवा म्हणून दिलं. घरी आल्यावर तो जेवायचा आणि निजायचा. आठवडाभर सारजाबाईनं काही विचारलं नाही. आठव्या दिवशी ताट वाढताना राहवलं नाही.

"जाळी बसवली का?"

"नाय."

"मंग हात?"

तो भाकरी मोडत राहिला.

"मंग हात कसा घालता? पैल्यावानी नाय म्हना की. काय करतील? करू द्या इन्क्वायरी. आता आपल्याला ठावं हाय कुटं जायाचं, काय बोलायचं. लीलाताई हाये, मी येते गेटापत्तूर, येकपार्टी हू देनार नाय!"

त्रिंबकनं पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच भयंकर होतं. "प्रोबेशनवाल्याला इन्क्वायरी देत नसत्यात, सारजा. त्याला निस्तं उद्यापून येऊ नगं म्हनत्यात. इन्क्वायरी पर्मनंट मानसाला असती."

सारजाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. म्हणजे ती चौकशी शिक्षा नव्हती. तो हक्क होता. नऊ वर्षं घाम गाळून मिळवलेला, आपलं म्हणणं मांडायचा एकुलता एक हक्क. आणि तो हक्क कंपनीच्या हापिसात त्याचं नाव तीनदा पुकारत होता, तेव्हा ती इथं बसून साहेबांसाठी कांदे कापत होती.

"कालवन वाढ," त्रिंबक म्हणाला आणि उद्या पुन्हा त्या ठोकळ्याखाली जाणाऱ्या उजव्या हातानं ताट पुढं केलं.